गोष्ट सुधारण्याचे घरगुती उपाय

वाङ्मय मंडळाच्या कथावाचनाला नवीन आलेलं कुणी ना कुणी दर वेळी एकच प्रश्न विचारतं : "कथा सुचते चांगली, पण कागदावर आली की तिचा जीवच जातो. काय करायचं?" यावर सर सांगतात, भरपूर वाचा. सरांचं खरंच आहे. पण ताप आलेल्या माणसाला "तब्येतीला जपा" म्हणण्यासारखं ते आहे. वाचायचं तर आहेच, पण आज रात्री काय करायचं? म्हणून मित्रमैत्रिणींनो, गेली तीन वर्षं मंडळात बसून कथा ऐकताना, लिहिताना आणि खोडताना माझ्याकडे जे उपाय जमले, ते इथं मांडते. सगळे घरगुती आहेत, सुंठ-मधासारखे. गुण येईलच अशी हमी नाही, अपाय मात्र नक्की नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. आमचं घर बेळगावच्या कॅम्पातलं, कॅथलिक. शामाय, म्हणजे पप्पांची आई, प्रार्थना कोकणीत करते, बाजारात कानडी बोलते आणि शेजारणीशी भांडते ती मराठीत. मी शिकते इंग्रजी साहित्य, ऐच्छिक विषय मराठी, आणि गोष्टी मराठीतच लिहिते. "तुमच्यातले मराठीत लिहितात होय?" असं मला अजूनही कुणीतरी विचारतं. त्यावर माझं उत्तर पाठ आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं ते १६१६ साली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, त्या 'यमुनापर्यटना'चे लेखक बाबा पदमनजी १८३१ साली आपल्या बेळगावातच जन्मले, आणि ती कादंबरी आली १८५७ साली. तेव्हा लिहावं की नाही हा प्रश्न माझ्यापुरता केव्हाच मिटलाय. उरतो तो कसं लिहावं हा.

पहिला उपाय : विषयापासून सुरुवात करू नका, माणसाला काय हवंय तिथून करा. "वृद्धांचा एकाकीपणा" हा निबंधाचा विषय झाला. गोष्ट व्हायला असं काहीतरी लागतं : एका म्हातारीला तिच्या लग्नातली पितळेची मेणबत्तीदाणी मोठ्या सुनेकडून परत हवी आहे, आणि ती नाताळच्या आत हवी आहे. आता बघा, किती प्रश्न आपोआप उभे राहिले. मागणार कशी? कुणामार्फत? सुनेनं ती विकली असेल तर? एकाकीपणा हा शब्दही न लिहिता तो गोष्टीत येऊन बसतो. लिहायला बसण्याआधी मी वहीच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिते : कुणाला, काय, कधीपर्यंत हवंय. ही ओळ लिहिता आली नाही तर त्या दिवशी कथा लिहायची नाही, फिरायला जायचं.

दुसरा उपाय नामांचा. नवीन लेखकाचा हात विशेषणांकडे आधी जातो. रम्य संध्याकाळ, भयाण शांतता, निरागस हास्य. यातून काही दिसत नाही, लेखकाला काय वाटावंसं वाटतंय तेवढं कळतं. यावर एक व्यायाम आहे. संध्याकाळी खडेबाजारात एका बाजूला पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि दहा गोष्टी टिपायच्या, एकही विशेषण न वापरता. मला मिळालेल्यांपैकी काही सांगते : पावती पुस्तकाचा कार्बन फुंकणारा दुकानदार. चपलेचा अंगठा तुटल्यावर तिथंच पिनेनं जोडणारी बाई. तीन भाषांत "सुट्टे नाहीत" म्हणणारा रिक्षावाला. यातलं प्रत्येक वाक्य एखाद्या कथेत जाऊ शकतं, कारण त्यात कुणीतरी काहीतरी करतंय. संध्याकाळ रम्य आहे की नाही ते वाचक ठरवील.

तिसरा उपाय भावनेचा, आणि मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो. भावनेचं नाव घ्यायचं नाही, ती भावना हाताला काय करायला लावते ते लिहायचं. नमुन्यासाठी दोन परिच्छेद देते. पहिला असा :

"आजीला फार वाईट वाटत होते. तिला परदेशी गेलेल्या मुलाची खूप आठवण येत होती. तिचे डोळे पाणावले."

आणि दुसरा असा :

"शामायनं ताटं मांडली. पाच. मग एक उचलून परत फडताळात ठेवलं. मम्मी म्हणाली, 'वाढू?' 'थांब गो जरा,' शामाय म्हणाली, 'सात-दहाची बस अजून यायचीय.'"

दुसऱ्यात कुणी रडलेलं नाही. मुलाचं नावसुद्धा नाही. पण पाचवं ताट आणि ती बस यांच्यामध्ये जी जागा सुटली आहे, तिथं वाचक स्वतः जाऊन बसतो. वाचकाला काम द्या. त्याला ते आवडतं.

आता एक उपाय खास आपल्यासारख्यांसाठी, म्हणजे जे इंग्रजी वाचून मराठीत लिहितात त्यांच्यासाठी. आपल्या कथांतली माणसं खांदे उडवतात, भुवया उंचावतात, दीर्घ श्वास सोडतात. प्रामाणिकपणे सांगा, तुमच्या घरात शेवटचे खांदे कुणी उडवले होते? आमच्याकडे माणूस तळहात उलटा करतो. "च्च" करतो. बाईमाणूस पदर नीट करते, किंवा आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसते. आणि कुणाला एखादी गोष्ट करायची नसेल तर तो "नाही" म्हणत नाही, "बघू" म्हणतो. हे "बघू" इंग्रजी कादंबरीत मिळणार नाही. ते जेवणाच्या टेबलापाशी कान उघडे ठेवून मिळवावं लागतं.

शिवाय मराठीत काही सोयी आहेत ज्या इंग्रजीत नाहीत, आणि त्या आपण वापरतच नाही. क्रियापदाचं घ्या. "ती रडली" ही नुसती बातमी झाली. "तिला रडू आलं" म्हटलं की तिचा त्यात दोष नाही, ते आलं. "तिनं रडून घेतलं" म्हणजे आधी कामं उरकली, दार लावलं, मग वेळ काढला. आणि "ती रडत बसली" म्हटलं की सांगणाऱ्याला तिची दया येत नाहीये. चारही ठिकाणी बाई तीच, अश्रू तेच, पण गोष्ट बदलली. एक जास्तीचा शब्द न घालता हे होतं. तसंच संबोधनाचं. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. आपल्याकडे दोन भाऊ आयुष्यभर अरे-तुरे करतात आणि एका सकाळी थोरला धाकट्याला म्हणतो, "तुम्ही तुमचं बघा." संपलं. घराची वाटणी झाली, वकील यायचा राहिलाय एवढंच. आपल्या कथेत कोण कुणाला काय म्हणतं ते एका कागदावर लिहून काढा, आणि ते कुठं बदलतं ते बघा. पुष्कळदा कथेचा कळसाध्याय तिथंच लपलेला असतो.

यावरून संवादाकडे येते. आपल्या गावात हा प्रश्न जरा अवघड आहे. इथं माणूस एका वाक्यात दोन भाषा बोलतो आणि तिसऱ्या भाषेत हाक मारतो. हे सगळं जसंच्या तसं उतरवलं तर पुण्याचा वाचक दुसऱ्या ओळीला दमतो. सगळं प्रमाण मराठीत लिहिलं तर कॅम्पातली शामाय सदाशिव पेठेतली आजी होते. मधला रस्ता कसा काढायचा?

पु. ल. देशपांड्यांचं 'गणगोत'मधलं 'रावसाहेब' हे व्यक्तिचित्र आपण बेळगावकरांनी यासाठी पुन्हा वाचायला हवं. कानडी वळणाचं मराठी बोलणारा माणूस त्यांनी उभा केला आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला त्यासाठी शब्दकोश लागला नाही. मला त्यातून कळलं ते एवढंच की बोलीचा भास द्यायला शंभर शब्द लागत नाहीत, दोन-तीन खुणा पुरतात, फक्त त्या पक्क्या हव्यात. वाक्याची उलटापालट, एखादा लाडका शब्द, लिंगाची गंमत. म्हणून मी प्रत्येक पात्राला दोनच खुणा देते आणि त्या शेवटपर्यंत सांभाळते. वाक्याच्या शेवटी "गो" आलं की समजायचं शामाय बोलतेय. "म्हणाली" लिहायचीही गरज उरत नाही.

आणि घरचा शब्द आला तर त्याचा अर्थ कंसात देऊ नका. कंस आला की गोष्टीत मास्तर शिरतो. शब्द असा वापरा की अर्थ त्याच्या आजूबाजूला सांडलेला असेल. "आठ वाजता तेर्स सुरू झाला. धाकटा गुडघ्यांवर बसल्या बसल्या जपमाळेचे मणी दोन-दोन ओढू लागला." ज्याला तेर्स माहीत नाही त्यालाही आता प्रार्थना कळली, तिची लांबी कळली आणि धाकटाही कळला.

या शब्दांसाठी मी एक वही ठेवली आहे. दुसऱ्या वर्षाला असताना सुरू केली, कथांना लागेल म्हणून. शामाय काही बोलली की त्यात उतरवायचं. शेजारच्या चिक्कू माणसाबद्दल ती म्हणायची, "तो कपड्याला साबण लावत नाही, नुसता दाखवतो." असं काही ऐकलं की मी हातातलं काम टाकून वहीकडे धावायची आणि ती हसायची.

गेल्या वर्षापासून शामाय शब्द विसरू लागली आहे. आधी माणसांची नावं गेली, आता वस्तूंची चालली आहेत. परवा ती उलथन्याकडे बोट दाखवून थांबली आणि मला म्हणाली, "ह्याला मी काय म्हणायची गो?" मी वही काढून तिचाच शब्द तिला वाचून दाखवला. तिनं तो दोनदा म्हणून बघितला. माझ्या चुलतभावाची मुलगी बेंगळूरला वाढते, सहा वर्षांची आहे, इंग्रजी बोलते. व्हिडिओ कॉलवर ती आणि शामाय एकमेकींकडे बघून खूप हसतात, हात हलवतात, आणि दोघींमध्ये एकही पूर्ण वाक्य जात नाही. कथेला लागतील म्हणून जमवलेले शब्द आता वेगळ्याच कामाचे झाले आहेत. त्या मुलीला कधी मराठी वाचता आलं, तर तिची पणजी भांडायची कशी, बोलायची कशी, हे तिला कुठून तरी मिळायला हवं. फोटोत भांडण येत नाही. म्हणून, लिहिणार असा वा नसा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची एक वही आजपासून घाला. हा उपाय मात्र पुढे ढकलू नका.

वहीबरोबर दुसरी एक जबाबदारी येते. घरचं ऐकलेलं सगळं लिहायचं का? माझी मादीन, म्हणजे माझ्या बाप्तिस्म्याची धर्ममाता, मला एकदा भाजी निवडता निवडता तिच्या तरुणपणची एक हकीकत सांगून गेली. सांगून झाल्यावर म्हणाली, "पोरी, हे लिहू नको हं. माणसं ओळखतात." कथा म्हणून ती हकीकत आयती होती, सुरुवात-मध्य-शेवट सगळं तयार. मी ती लिहिलेली नाही, आणि लिहिणार नाही. पण त्या दुपारी मी एक पाहिलं : न सांगायच्या गोष्टीच्या जवळ आली की ती एकदम भेंडीच्या भावाबद्दल बोलायला लागायची. घटना तिची आहे, ती तिच्यापाशीच राहू दे. माणूस लपवताना जास्त बोलतो, हे मात्र साऱ्या जगाचं आहे. ते मी घेतलं आणि एका अगदी वेगळ्या कथेतल्या पोस्टमनला दिलं. माझा नियम असा झालाय : माणसाचं वय, काम आणि घर, तिन्ही बदलूनही गोष्ट टिकत असेल तर ती लिहावी. तिन्ही बदलल्यावर ती कोसळत असेल, तर ती आपली नाही, त्या माणसाची आहे.

पुढचा उपाय : गोष्ट कोण बघतंय ते आधी ठरवा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. त्यात गाव आपल्याला दिसतं ते तिथं नव्यानं आलेल्या तरुण मास्तरच्या डोळ्यांनी. त्याला गाव माहीत नाही, आपल्यालाही नाही. त्यामुळे लेखकाला गावाची माहिती वेगळी द्यावीच लागत नाही, मास्तर शिकतो तसे आपणही शिकत जातो. आपल्याकडच्या कथांत बरेचदा एका पानावर चार जणांच्या मनातलं कळतं आणि मग एकाचंही धड कळत नाही. लहान कथेला एक जोडी डोळे पुरतात. कॅथलिक घरातलं लग्न लिहायचंय? मग वधूच्या वर्गातली, पहिल्यांदाच चर्चमध्ये आलेली मैत्रीण घ्या. कधी उभं राहायचं, कधी बसायचं हे तिला कळत नाही, ती पुढच्या बाकावरच्या माणसाकडे बघून करते. अर्धी माहिती तिथंच देऊन झाली, शिवाय हसूही आलं.

आता शेवटाबद्दल. आपल्या कथांचा शेवट बहुतेक वेळा उपदेशानं होतो. "तेव्हा त्याला कळून चुकले की पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे." उपदेशासाठी आमच्याकडे रविवारी फादर आहेत, आणि ते हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतात. पण गंमत बघा, ज्या ग्रंथावर ते बोलतात त्यातली एक गोष्ट शेवट कसा करावा ते शिकवते. लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. धाकटा परत येतो, बाप मेजवानी देतो. पण गोष्ट तिथं थांबत नाही. थोरला रुसून बाहेर उभा राहतो, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि बापाचं बोलणं संपतं तिथं गोष्टही संपते. थोरला आत गेला का? सांगितलेलंच नाही. लहानपणापासून ही गोष्ट मी ऐकत आलेय आणि दर वेळी त्याला अंगणात तसाच उभा सोडून घरी येते. आपली कथा लिहून झाली की शेवटचा परिच्छेद हातानं झाकून बघा. पुष्कळदा कथा त्याच्या आधीच संपलेली असते.

राहता राहिलं ते पुनर्लेखन. याला पर्याय नाही, पण पद्धत आहे. लिहिलेलं आठवडाभर कपाटात ठेवायचं. मग मोठ्यानं वाचायचं, मनात नाही. जिथं श्वास अडकतो तिथं वाक्य लांब झालंय. जिथं आपलीच लाज वाटते तिथं शब्द उसना आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. शाळेचं शिक्षण त्यांना मिळालेलं नव्हतं, आणि आज त्यातलं कुठलंही पान उघडून मोठ्यानं वाचलं तरी बाई समोर बसून बोलतेय असं वाटतं. बोलल्यासारखं लिहिणं सोपं नाही, पण कान हीच त्याची पट्टी आहे. मोठ्यानं वाचून झालं की साहित्याशी संबंध नसलेल्या एका माणसाला कथा वाचून दाखवा. "आवडली का?" असं विचारू नका, तो भिडेपोटी हो म्हणेल. "आता मला ती सांग" म्हणा. जे तो सांगताना गाळतो, ते बहुतेक कथेतूनही गाळता येतं. जे तो जास्तीचं सांगतो, ते मात्र तुम्ही न लिहिता पोचवलेलं असतं. माझा हा माणूस म्हणजे पप्पा. ते गॅरेज चालवतात आणि कथा ऐकून झाल्यावर नेमकं विचारतात, "पण मग त्या बाईनं भाडं दिलं का?" हा प्रश्न ज्या कथेबद्दल येतो, तिच्यात भाड्याचा धागा लोंबत राहिलेला असतो. घरात एक मेकॅनिक असावा.

एवढे उपाय झाले. एकदम सगळे करायला जाऊ नका, औषधंही एका वेळी एकच बदलतात. आज रात्री फक्त एवढं करा : घरातलं एक माणूस निवडा, त्याला शनिवारपर्यंत काय हवंय ते एका ओळीत लिहा, आणि ते न मागता तो हातानं काय करत बसलाय ते दहा ओळींत. भावनेचं नाव घ्यायचं नाही, कंस घालायचा नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीला ते एक पान घेऊन या. मीही माझं आणते. चहा मंडळाचा, खारी ज्याची त्याची.